वहिनींची तीन मिनिटं

कारखान्यात सगळेच त्यांना वहिनी म्हणत. खरं म्हणजे त्या एकट्या फोरमनच्या वहिनी, त्याच्या थोरल्या भावाची बायको. पण तो दिवसभर "वहिनी, हे बघा" आणि "वहिनी, ते घ्या" करायचा, त्यामुळे पुस्तकबांधणीच्या त्या कारखान्यातल्या तिसेक माणसांच्या तोंडी तेच बसलं. मालकसुद्धा वहिनीच म्हणायचे, आणि मालकांना वहिनींच्या वयाची मुलगी होती.

वहिनींचं काम कटरवर. कागदाचा वीतभर उंच गठ्ठा मशीनमध्ये सरकवायचा, कडा सारख्या करायच्या आणि दोन बटणं दाबायची. एक बटण डावीकडे, एक उजवीकडे. दोन्ही दाबल्याशिवाय पातं खाली येत नाही. दोन्ही हात बटणांवर असले की पात्याखाली हात असणारच कुठून, असा त्यातला शहाणपणा. म्हणून तर वहिनींनी बारा वर्षं त्या मशीनवर काढली आणि नखालाही धक्का लागला नाही.

पण जुन्या कटरवाल्यांना एक सवय लागते. एकटं बटण दाबून काहीच होत नाही हे अंगात मुरलेलं असतं. मग डावा हात आत गठ्ठा सारखा करत असताना उजवा हात उजव्या बटणावर टेकतो आणि तिथेच विसावतो. बटण दाबलं जातं, मशीन ढिम्म. डावा हात बाहेर आला, डाव्या बटणावर गेला, की मगच पातं. वहिनींची ही सवय होती, आणि त्यांनी ज्याला शिकवलं त्याचीही झाली.

त्यांनी शिकवलं होतं दिराला. तीन नोकऱ्या सोडून घरी बसलेल्या दिराला त्यांनीच मालकांपुढे उभं केलं, कटरवर घेतलं, गठ्ठा कसा ठोकायचा, पात्याला धार कधी लावायची, सगळं दाखवलं. त्याचा हात चुकीच्या जागी गेला की त्या ओरडायच्या, "हात!" कटरवर हा शब्द ऐकला की असेल तिथून दोन्ही हात वर करायचे, मग कारण विचारायचं. चार वर्षांत दीर फोरमन झाला. कानावर पेन्सिल आणि बगलेत फाइल घेऊन गंभीर चेहऱ्याने फिरणं त्याला छान जमायचं, आणि वहिनींना ते कधीच जमलं नाही. त्यांना त्याचं काही वाटलं नव्हतं. आपलाच माणूस वर गेला म्हणून त्यांनी त्या दिवशी सगळ्यांना चहा पाजला होता.

मग तो दिवस आला. नकाशांच्या पुस्तकांचं काम चालू होतं. जेवणाची सुट्टी संपली, वहिनी हात पुसत कटरवर आल्या, गठ्ठा सरकवला, डाव्या हाताने कड सारखी करायला घेतली. उजवा हात नेहमीसारखा बटणावर टेकला. पातं खाली आलं.

डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, दोन्ही गेली. पुढचं त्यांना आठवत नव्हतं. दवाखान्यात शुद्धीवर आल्या तेव्हा हाताला केवढं तरी बांधलेलं होतं आणि नवरा उशाशी बसून त्यांच्या कपाळावरून हात फिरवत होता.

तपासणीला माणसं आली. मशीन चालवून पाहिलं, दोन्ही बटणं ठणठणीत. फोरमनला विचारलं. तो मान खाली घालून म्हणाला, "वहिनींचं लक्ष नव्हतं. सकाळपासून गप्पच होत्या. मुलीच्या परीक्षेचं डोक्यात असेल." तसं कागदावर लिहिलं गेलं. अपघाताचं कारण: लक्ष नसणे.

तो फळं घेऊन दवाखान्यातही आला. खुर्चीवर बसला आणि ढसाढसा रडला. वहिनींनी चांगल्या हाताने त्याच्या पाठीवर थोपटलं. म्हणाल्या, "रडू नका भावजी. चूक माझीच."

हे वाक्य पुढे त्यांना कापलेल्या बोटांपेक्षा जास्त दुखणार होतं.

महिन्याभराने त्या कामावर परतल्या तेव्हा त्यांना पानं जुळवायच्या टेबलावर बसवलं होतं. कटरला हात लावायला दुसरं कुणी तयार नव्हतं, म्हणून फोरमन स्वतः कटर चालवायचा आणि त्याबद्दल सगळे त्याचं कौतुक करायचे. शिवाय एक नवीन गोष्ट झाली होती. मालक घाबरले होते. त्यांनी कुठूनतरी एक बाई शोधून आणली, जी माणसांना शांत बसायला शिकवायची. तिच्याकडे एक छोटी पितळी घंटा होती. दहा वाजता, एक वाजता आणि चार वाजता घंटा वाजायची, मशीनं बंद व्हायची आणि सगळ्यांनी आपापल्या जागी तीन मिनिटं डोळे मिटून बसायचं. पहिला महिनाभर ती रोज आली. मग घंटा शिवणवालीच्या ताब्यात देऊन ती फक्त शनिवारी यायला लागली. दर दोन वाक्यांनी ती "श्वास" म्हणायची, म्हणून कारखान्याने तिचं नाव श्वासबाई ठेवलं.

"जिथे तुमचा हात आहे तिथे तुम्ही असा," श्वासबाई सांगायची. "हात इथे आणि मन घरी, असं करू नका." आणि वहिनींच्या टेबलाच्या बरोबर वर तिने एक पाटी लावून घेतली: लक्ष असेल तिथे अपघात नाही.

पहिल्या दिवशी घंटा वाजली तेव्हा डोळे मिटण्याआधी तीसच्या तीस माणसांनी एकदा वहिनींकडे पाहिलं. वहिनींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कुणामुळे हे सोंग चाललंय, हे सांगायला पाटीची तरी काय गरज होती? श्वासबाईला यातलं काही माहीत नव्हतं. ती बिचारी भली होती, आणि भल्या माणसांशी धड भांडताही येत नाही.

बाकीच्यांना ही तीन मिनिटं म्हणजे फुकटची सुट्टी. डिंक लावणारा डिंक्या दुसऱ्याच मिनिटाला घोरायला लागायचा. शिवणवाली घंटा खाली ठेवून मनातल्या मनात भाजी निवडायची, हे तिनेच सांगितलं होतं. वहिनी मात्र खरोखर बसायच्या. आधी बसायच्या त्या शिक्षा म्हणून. माझं लक्ष कुठे गेलं होतं? बारा वर्षं गेलं नाही ते त्याच दिवशी कसं गेलं? डोळे मिटले की नसलेली करंगळी खाजायची. खाजवायला जावं तर तिथे काहीच नाही.

एक दिवस त्यांना वाटलं, जिथे हात आहे तिथे असा म्हणते ना ही? मग माझी दोन बोटं त्या दुपारी, त्या गठ्ठ्याजवळच राहिली आहेत. तर तिथेच जाऊन बसू.

आणि त्या जायला लागल्या. दिवसातून तीनदा, तीन-तीन मिनिटं. घाई नाही. पहिल्या आठवड्यात नुसता वास सापडला, नव्या शाईचा. मग गठ्ठ्यावर सगळ्यात वर कुठलं पान होतं ते दिसलं. निळा समुद्र आणि कोपऱ्यात कुठल्यातरी बेटाचा तुकडा. म्हणजे मी पान बघत होते, त्यांनी स्वतःला सांगितलं. मुलीची परीक्षा बघत नव्हते. मग आवाज आला. उजवं बटण दाबलं की खट् व्हायचं, डावं दाबलं की दुसरं खट्. त्या दुपारी एकच खट् झालं आणि पातं आलं. हे त्यांनी चार-पाच दिवस पुन्हा पुन्हा ऐकलं. एकच. मग डावं बटण कुणी दाबलं?

अडीच महिन्यांनी, एका मंगळवारी, चारच्या घंटेला, त्यांना डाव्या बटणाच्या कडेला हिरवं दिसलं. बटण आणि त्याची लोखंडी कड यांच्यात घडी घालून ठोसलेला पुठ्ठ्याचा तुकडा. पाचर. बटण आधीच आत दाबून बसलेलं.

वहिनींनी डोळे उघडले. पण त्या हुशार बाई. आठवणीवर एकदम विश्वास ठेवला नाही. दुसऱ्या दिवशी डिंक्याला गाठलं.

"काय रे, माझा हात गेला त्या दिवशी हिरवा पुठ्ठा होता का कुठल्या कामाला?"

"होता की. त्या डायऱ्यांची कव्हरं. घाईचं काम होतं, संध्याकाळी गाडी यायची होती."

"कापली कुणी?"

"फोरमननेच. तुम्ही जेवायला गेलात तेव्हा. काय भराभर कापली माहितीये! एका हाताने कागद सारत होता आणि दुसऱ्याने—" डिंक्या बोलता बोलता थांबला. "का हो, वहिनी?"

"काही नाही. तुझा डिंक सुकतोय बघ."

एका हाताने कागद, दुसऱ्याने बटण. म्हणजे डावं बटण पाचर मारून अडकवलेलं, वेळ वाचवायला. काम झालं, पाचर तशीच राहिली. वहिनी आल्या. आणि वहिनी खाली कोसळल्या तेव्हा सगळ्यात आधी धावत आला होता तो हाच. सगळे म्हणाले होते, दीर असावा तर असा. तो वहिनींसाठी धावलाच नव्हता, पाचर काढायला धावला होता.

त्या रात्री जेवणं झाल्यावर वहिनींनी नवऱ्याला सगळं सांगितलं. नवरा शाळेत प्रयोगशाळा सांभाळायचा. काचेच्या नळ्या जपता जपता त्याचा स्वभावच तसा झाला होता, कशालाही धक्का लागू नये असा. त्याने हातातलं पाण्याचं भांडं जपून खाली ठेवलं. मग म्हणाला, "जाऊ दे."

"काय जाऊ दे?"

"अगं, घरातला माणूस आहे. पुरावा काय आहे तुझ्याकडे? आणि आता बोलून बोटं थोडीच येणारेत?"

"अहो, बोटांचं कोण बोलतंय? त्याने माझ्यावर ढकललं. मी त्याची पाठ थोपटली. मी त्याला म्हटलं, चूक माझीच. मी!"

"जाऊ दे गं."

वहिनींनी त्या दिवसापासून नवऱ्याशी हा विषय काढला नाही. त्यांनी दुसरं काम हाती घेतलं. सकाळी सगळ्यांच्या आधी उठून त्या स्वयंपाकघरातल्या स्टुलावर दहा मिनिटं ताठ बसायला लागल्या. आपला राग शिळा होऊ नये म्हणून रोज सकाळी ताजा करून घ्यायच्या. नवऱ्याला वाटलं, बायको अध्यात्माकडे वळली. त्याला बरं वाटलं.

कारखान्यात घंटा वाजली की आता त्या डोळे मिटायच्या नाहीत. पाठ सरळ, हात मांडीवर, आणि नजर समोर कटरजवळ बसलेल्या दिरावर. तीन मिनिटं, पापणीही न हलवता. शनिवारी श्वासबाई यायची तेव्हा तेवढ्यापुरत्या मिटायच्या. त्यांचा तो निश्चल चेहरा पाहून श्वासबाई भारावून जायची. "वहिनींकडे बघा," ती सगळ्यांना सांगायची, "याला म्हणतात बसणं." वहिनी नम्रपणे हसायच्या.

माणसाला कुणी बघत असलं की मिटल्या डोळ्यांनीही कळतं. आठवड्याभरात फोरमन चुळबुळ करायला लागला. कधी त्याला खोकला यायचा, कधी नेमक्या एक वाजता त्याला गोदामात काम निघायचं. शेवटी एकदा पाण्याच्या नळाजवळ त्याने त्यांना गाठलं.

"वहिनी, असं का बघता हो माझ्याकडे?"

"घंटा झाली की डोळे मिटायचे असतात ना, भावजी? मग मी बघते हे तुम्हाला कसं कळलं?"

दुसऱ्या दिवसापासून त्याने स्टूल फिरवलं आणि भिंतीकडे तोंड करून, डोळे घट्ट मिटून बसायला लागला. म्हणजे त्याची पाठ कटरकडे. वहिनींनी ते पाहिलं आणि त्याच दुपारी रद्दीच्या पेटीतून हिरव्या पुठ्ठ्याची एक पट्टी काढून कमरेला खोचली.

आठ दिवस त्या ती पट्टी घेऊन फिरल्या. घडी घालून पाहिली, जाडी कमी-जास्त केली. त्यांच्या मनात काय होतं, ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. त्यांना त्याची बोटं हवी होती. दोन. डाव्या हाताची. आणि मग त्याला दवाखान्यात फळं घेऊन भेटायला जायचं होतं, आणि म्हणायचं होतं, "भावजी, तुमचं लक्ष नव्हतं हो."

शनिवार उजाडला. शनिवारी एकच्या घंटेला मालकही येऊन बसायचे. घंटा वाजली, मोटरी थांबल्या, सगळ्यांनी डोळे मिटले. श्वासबाईनेही मिटले. डिंक्याचं घोरणं सुरू झालं. वहिनींनी चपला काढल्या. बारा पावलं. दिराची पाठ हातभर अंतरावर होती. त्याच्या सदऱ्यावर घामाचा डाग होता. त्यांनी डावं बटण दाबलं, ते खट् झालं ते डिंक्याच्या घोरण्यात बुडालं, आणि पाचर बसवली. बारा पावलं मागे. चपला घातल्या, पाठ सरळ केली.

तीन मिनिटं संपल्याची घंटा झाली. फोरमन उठला, मोटर चालू केली, गठ्ठा आत सरकवला. वहिनींना पुढचं सगळं पाठ होतं, त्यांनीच तर शिकवलं होतं. आधी कड ठोकेल. मग डावा हात आत जाईल. गेला. मग उजवा हात सावकाश वर येईल, आपोआप, डोक्याला न विचारता. तो वर यायला लागला. त्या क्षणी वहिनी जितक्या तिथे होत्या तितकं श्वासबाईसुद्धा कधी कुठे असली नसेल. त्यांना पात्यावरचं तेल दिसत होतं. त्याच्या करंगळीवरचा शाईचा ठिपका दिसत होता. गप्प राहायचं होतं, बाकी काही नाही.

आणि गप्प राहता राहता त्यांना कळलं की हा कोसळला की गडबड होईल, कुणीतरी धावेल, पाचर कुठेतरी पडेल आणि कागदावर पुन्हा तेच लिहिलं जाईल. लोक याला फळं आणतील. याची पाठ थोपटतील. हा दोन बोटं देऊन सुटेल. इतक्या स्वस्तात?

"हात!" वहिनी ओरडल्या.

दोन्ही हात ताडकन वर गेले. अख्खा कारखाना वळून बघायला लागला. फोरमनने वर हात धरूनच खाली पाहिलं आणि त्याला हिरवं दिसलं. मग त्याने जे केलं ते विचार करून केलं असतं तर तो वाचला असता. दुसरा कुणी असता तर ओरडला असता, "हे काय आहे?" म्हणाला असता, मालकांना बोलावलं असतं. याचा डावा हात सरळ खाली आला, दोन बोटांनी पाचर उपसली आणि सदऱ्याच्या आत, पोटाशी सरकवली. नजर सगळ्यांवर, हात आपलं काम करून मोकळा. एवढ्या सफाईने, की त्याच्या लक्षात यायच्या आत ते तीस माणसांनी पाहिलं होतं.

"त्या दिवशीही तिथेच लपवलीत का, भावजी?" वहिनींनी विचारलं. आवाज चढवला नाही.

तो मटकन स्टुलावर बसला. डिंक्या पुटपुटला, "हिरव्या डायऱ्या," आणि मग मोठ्याने म्हणाला, "अरे, त्या हिरव्या डायऱ्या!" शिवणवालीने कपाळावर हात मारला. फोरमन रडायला लागला, अगदी दवाखान्यात रडला होता तसाच. या वेळी त्याच्या पाठीवर कुणाचा हात आला नाही. घाई होती, तो म्हणाला. विसरलो. मग भीती वाटली. नोकरी गेली असती.

मालक पांढरेफटक पडले होते. "वहिनी, आज ही पाचर तुम्ही..."

"हो."

"मुद्दाम?"

"मुद्दाम. अगदी पूर्ण लक्ष देऊन."

मालकांनी त्याला तिथल्या तिथे सांगितलं, सोमवारपासून येऊ नकोस. तो उठायला लागला, तशा वहिनी म्हणाल्या, "नाही. त्यांना ठेवा."

सगळीकडे एक सुस्कारा गेला. वहिनींचं मन केवढं मोठं, असं सगळ्यांच्या तोंडावर दिसायला लागलं. श्वासबाईचे डोळे भरून आले. ती म्हणाली, "वहिनी, ही क्षमा..."

"क्षमा कोण करतंय, बाई?" वहिनी म्हणाल्या. मग त्यांनी आपलं म्हणणं सांगितलं. कागदावरचं कारण बदलायचं, ते वेगळं. भावजी इथेच राहतील, कटरवरच, दहा बोटांसकट. दिवसातून तीनदा, घंटा व्हायच्या आधी, त्यांनी उभं राहायचं, तोंड भिंतीकडे नाही, माझ्याकडे करायचं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचं: वहिनींचं लक्ष होतं. पाचर मी मारली होती. मी खोटं बोललो.

मालकांना वाटलं, आठवडाभर चालेल, मग बाईचा राग उतरेल. श्वासबाईलाही तसंच वाटलं. पण आठवडा गेला, महिना गेला. फोरमन रोज दहा, एक आणि चारला उभा राहायचा. आधी त्याचा आवाज फुटायचा नाही. वहिनी कानामागे हात धरून "ऐकू नाही आलं, भावजी" म्हणायच्या आणि त्याला पुन्हा म्हणायला लागायचं. मग तो घडाघडा म्हणायला लागला, तर वहिनींनी "सावकाश" म्हणून हळू करायला लावलं. डिंक्याचं घोरणं बंद झालं. शिवणवालीने एकदा हळूच सुचवलं, "वहिनी, आता पुरे की." वहिनींनी तिच्याकडे नुसतं पाहिलं. फोरमनचे केस कानाजवळ पांढरे व्हायला लागले, सदरा अंगावर लोंबायला लागला. नोकरी सोडून जायचं त्याने एकदा बोलून दाखवलं, वहिनी म्हणाल्या, "जा ना. तिथे जाऊन मी सांगेन." तो गेला नाही.

वहिनींची तब्येत मात्र सुधारली. झोप लागायला लागली, करंगळीची खाज गेली. घंटा झाली की त्या आता डोळे मिटून बसायच्या. कुठेही जायचं नसायचं, कुणाला शोधायचं नसायचं. तीन मिनिटं कशी जायची कळायचंही नाही.

चौथ्या महिन्यात एका संध्याकाळी नवरा स्वयंपाकघरात आला. धाकट्या भावाला भेटून आला होता. डोळे लाल होते. दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला.

"अगं, वाळून गेलाय तो. सगळ्यांसमोर बोलला, कबूल केलं, अजून काय हवं? किती दिवस चालणार हे?"

वहिनी चहा गाळत होत्या. तीन बोटांच्या हाताने गाळणी धरायला त्या आता सरावल्या होत्या.

"फार नाही," त्या म्हणाल्या. "बोटं उगवेपर्यंत."

आणि त्यांनी कप नवऱ्यापुढे ठेवला.